खोगिराविना : घोड्यांच्या सान्निध्यातील गटोपचार

(दृश्य : लाकडी कुंपणाचे मोकळे रिंगण. आत तीन घोडे, दाराशी पाच माणसे.)

या रिंगणात आज कोणीही घोड्यावर बसणार नाही. घोड्यांच्या पाठीवर खोगीर नाही, तोंडात लगाम नाही. ते मोकळे सोडलेले आहेत. दाराशी उभ्या असलेल्या पाच जणांना एवढेच सांगितले आहे की आत जावे, थोडा वेळ नुसते पाहावे आणि ज्या घोड्याजवळ जावेसे वाटेल त्याच्याकडे आपल्या गतीने चालत जावे. या पाच जणांपैकी कोणी जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर अबोल झाले आहे, कोणाची झोप कित्येक महिन्यांपासून उडालेली आहे, तर कोणी घरातल्या आजाऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करता करता आतून रिते झाले आहे. आपल्याला काय होत आहे हे शब्दांत सांगणे त्यांना जड जाते, आणि म्हणूनच मानसोपचाराच्या या पद्धतीची सुरुवात बोलण्याने होत नाही.

घोडा हा निसर्गात शिकार होणारा प्राणी आहे. मोकळ्या गवताळ प्रदेशात कळपाने राहणाऱ्या त्याच्या पूर्वजांचे जगणे धोक्याची चाहूल किती लवकर लागते यावर अवलंबून होते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही त्याला जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. कपाळासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीमागचा भाग एवढेच काय ते नजरेआड राहते. त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात. कळपातल्या एकाने मान उंचावून अंग ताठ केले, की बाकीचे चरणे थांबवतात. इतरांच्या शरीरावरून परिस्थिती ओळखण्याची ही सवय माणसांच्या सहवासातही सुटत नाही.

स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. काही जणांनी घोड्याला धरून, तर काहींनी घोड्यावर बसून एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चार फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगण्यात आले की या वेळी वाटेत एक छत्री अचानक उघडली जाईल. छत्री उघडलीच गेली नाही. पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्या घोड्यांचेही वाढले. पुढे २०१६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातील अभ्यासात २८ घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली गेली, तेव्हा रागीट चेहरा पाहताना घोड्यांच्या हृदयाची गती अधिक वेगाने वाढल्याचे आढळले. घोड्याला मनातले सगळे कळते, असा दावा यातून करता येत नाही. तो माणसाच्या शरीराला प्रतिसाद देतो, तेवढेच यातून दिसते, आणि आमच्या मते उपचाराला तेवढे पुरेसे आहे.

(दृश्य : एक महिला झपाझप चालत तांबूस घोड्याकडे जाते. घोडा कान मागे वळवून बाजूला सरकतो.)

अशा सत्रांमध्ये हा प्रसंग वारंवार घडतो. घोडा दूर गेला, की जवळ गेलेली व्यक्ती चटकन म्हणते, ‘त्यालाही मी नको आहे.’ समुपदेशक त्यावर समजूत घालत नाही, तर गटातील प्रत्येकाला विचारतो, ‘तुम्हाला काय दिसले?’ एकाला घोडा घाबरलेला वाटतो, दुसऱ्याला चिडलेला, आणि तिसरा म्हणतो की तो सावलीकडे गेला, एवढेच मला दिसले. जे दिसले ते आणि त्याचा आपण लावलेला अर्थ या दोन गोष्टींमधले अंतर इथे सर्वांच्या डोळ्यांसमोर उघडे होते. घरात कोणी उत्तर दिले नाही, कामाच्या ठिकाणी कोणी मान वळवली, तर आपण कोणता अर्थ तत्काळ लावतो, याकडे बोलणे मग आपोआप वळते. उपदेशाने जे उमगत नाही ते येथे पाच जणांच्या पाच उत्तरांतून उमगते, आणि हा उपचार एकेकट्याने न घेता गटाने घेण्यामागचे सर्वांत मोठे कारण आम्हाला हेच वाटते.

त्यानंतर तीच व्यक्ती पुन्हा जाते. या वेळी पावले सावकाश पडतात, खांदे सैल असतात, मध्येच थांबून श्वास सोडला जातो. घोडा कधी जागेवरच उभा राहतो, कधी मान खाली करून ओठ हलवतो, कधी पुन्हा निघून जातो. तिन्ही प्रतिसाद उपयोगाचे आहेत.

खरारा करण्याचा वेळही असाच महत्त्वाचा असतो. मानेपासून पाठीकडे, केसांच्या दिशेने, एका लयीत ब्रश फिरवताना श्वासालाही लय सापडते. विश्रांत घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ ठोके पडतात, म्हणजे माणसाच्या हृदयापेक्षा बरेच संथ. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून हे ठोके ऐकताना बोलके लोकही गप्प होतात.

घोड्याचा उपचारासाठीचा वापर आधी शारीरिक व्याधींच्या संदर्भात रुजला. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्यांखाली पाय लुळे पडलेले असतानाही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचे रौप्यपदक जिंकले आणि या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. जमिनीवर उभे राहून, स्वारी न करता करायचा मानसोपचार त्यानंतर वेगळा आकाराला आला.

पुराव्यांबाबत मात्र प्रामाणिक राहायला हवे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आघातोत्तर तणावाने (भयंकर अनुभवानंतर मनात टिकून राहणाऱ्या त्रासाने, पीटीएसडीने) ग्रासलेल्या ६३ माजी सैनिकांनी भाग घेतला. आठवड्याला एक याप्रमाणे ९० मिनिटांची ८ गटसत्रे झाली आणि तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत सुमारे निम्म्या जणांची लक्षणे लक्षणीय प्रमाणात कमी झालेली होती. उपचार अर्धवट सोडणारे फारच थोडे होते, ही गोष्ट या आजारात विशेष आहे. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सुधारणेतला किती वाटा घोड्यांचा, किती गटाचा आणि किती काळाचा, हे त्यातून ठरत नाही. त्याआधी २०१४ मध्ये झालेल्या एका आढाव्यानेही या क्षेत्रातील अभ्यासांच्या उणिवा परखडपणे दाखवल्या होत्या. म्हणून ही पद्धत चालू उपचारांच्या जोडीने घ्यावी. डॉक्टरांना न विचारता औषधे थांबवू नयेत, आणि ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येत आहेत त्याला आधी थेट वैद्यकीय मदत मिळायला हवी.

(दृश्य : अश्वतज्ज्ञ एका घोड्याला रिंगणाबाहेर नेत आहे.)

सत्रात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर घोडे जाणणारी व्यक्ती सतत हजर असावी लागते. पाचशे किलोच्या आसपास वजनाचा प्राणी बिथरला, तर पायाची बोटे आणि बरगड्या धोक्यात येतात, हे खरेच. पण या व्यक्तीचे काम माणसांना सांभाळण्यावर संपत नाही. मागे घट्ट पडलेले कान, जोरजोराने आपटणारी शेपटी, आवळलेले ओठ दिसताच ती घोड्याला बाहेर काढते. थकलेला किंवा धाकाने उभा केलेला घोडा प्रतिसाद देणे थांबवतो, सगळे मुकाट्याने सोसतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो शांत वाटतो. अशा घोड्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला काहीच खरे कळत नाही. निघून जाण्याची मुभा असलेला घोडा जवळ थांबतो, तेव्हाच त्याच्या थांबण्याला अर्थ येतो.

अशा उपक्रमात जाऊ इच्छिणाऱ्यांनी तिथल्या समुपदेशकाचे मानसोपचारातील शिक्षण विचारावे, घोड्यांची देखभाल कोण करते आणि एक घोडा दिवसातून किती सत्रे करतो हे विचारावे, आणि रिंगणात यायला एखाद्या घोड्याने नकार दिला तर त्या दिवशी काय केले जाते, हेही आवर्जून विचारावे.