उन्हाची उधारी

नमस्कार श्रोतेहो. बाहेर काय तापलंय हे खानदेशातल्या माणसाला रेडिओवरून सांगायला नको. पारा 45 ला टेकला, की रुमाल बांधल्याशिवाय कोणी उंबरठा ओलांडत नाही आणि भुसावळच्या फलाटावरचं बाकडं म्हणजे निव्वळ तवा.

अशाच एका दुपारी यावल-चोपडा रस्त्याला काठेवाडी लोकांचा मुक्काम दिसला. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या, कुत्रं जीभ काढून पडलेलं. उंट मात्र भर उन्हात बसून निवांत रवंथ करत होता. जवळच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, याला सावलीत तरी बांधा." तो हसला. म्हणाला, "त्याला काय होतंय?"

खरंच, त्याला काय होतं? आपलं अंग तापू लागलं की घाम येतो, म्हणजे अंगातलं पाणी खर्च होतं. पाण्याची ओढ असली, की उंट हा खर्चच टाळतो. अंग तापू देतो. पहाटे 34 अंशांपर्यंत उतरलेलं त्याचं अंग दुपारी 40 च्या पुढे जातं. आपल्याला 40 म्हणजे 104 ताप, थेट सलाईनच! उंट ती उष्णता दिवसभर उधारीवर ठेवतो आणि रात्री वाळवंट गार झालं, की घाम न गाळता फेडून टाकतो. पाठीवरची दाट लोकरही ऊन आत येऊ देत नाही. कातरलेल्या उंटाला घाम जास्त येतो, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय. बसतो तोही छातीखालच्या जाड घट्ट्यावर भार टाकून, म्हणजे पोटाखालून वारा खेळत राहतो.

आता मदार. लहानपणी आम्हाला ठासून सांगितलेलं, की तिच्यात पाणी असतं. सांगणारे उंटावरचे शहाणेच म्हणायचे! मदारीत असते चरबी. ती सगळ्या अंगावर पसरली असती, तर गोधडी पांघरल्यासारखी उष्णता आतच कोंडली असती. म्हणून एका जागी गोळा. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या उंटाची मदार चक्क लुळी पडून एका बाजूला कलते.

मग पाणी कुठे? ते रक्तात टिकून राहतं. शरीरातलं पाणी आटलं, वजन पाव हिश्शानं घटलं, तरी त्याचं रक्त पातळ राहतं. माणूस त्याच्या निम्म्यातच संपेल. लघवी थोडी आणि घट्ट; लेंड्या इतक्या कोरड्या, की सरळ चुलीत घालाव्यात. श्वासातली वाफसुद्धा नाकातल्या वळणावळणाच्या पडद्यांवर अडते. आणि पाणी सापडलं, की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पोटात! आपले सहा-सात हंडे झाले. एवढं पाणी एकदम रक्तात उतरलं, तर इतर जनावरांच्या तांबड्या पेशी फुगून फुटतात. उंटाच्या पेशी लांबट, अंडाकृती. दुपटीहून जास्त फुगल्या तरी फुटत नाहीत.

ऊन कललं तशी मुक्काम हलवायची गडबड सुरू झाली. उंटाच्या पाठीवर उलटी खाट चढली, खाटेत गाठोडी, गाठोड्यांत पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. उंट कुरकुरत उठला. त्यानं मान लांबवून बाभळीची फांदी ओढली आणि काट्यांसकट तोंडात घातली. तोंडातल्या कडक उंचवट्यांवरून काटे आडवे होऊन आत गेले आणि ती चघळतच तो सातपुड्याच्या दिशेनं चालू लागला.