आधी भार, मग पाऊल

नमस्कार श्रोतेहो. गाणं लागलं की पाय ठेका धरतात, पण चार लोकांसमोर नाचायला उठायचं म्हटलं की तेच पाय जागच्या जागी खिळतात. ‘मला ताल कळत नाही,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि हे सांगत असतानाच त्यांची बोटं टेबलावर बिनचूक ठेका देत असतात! ताल कळतो. अडतं ते शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्यापाशी, आणि क्लासमध्ये याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं असं माझं मत आहे.

जमत असेल तर आत्ताच उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा. सगळा भार उजव्या पायावर घ्या आणि मग डावा पाय अलगद उचला. तो सहज उचलला गेला तर छान. पण उचलताना अंग डगमगलं, ऐन वेळी उजवीकडे झुकावं लागलं, तर भार पुरता गेलाच नव्हता, तो दोन्ही पायांत वाटला गेला होता. नवशिक्यांची पावलं बहुतेक इथेच चुकतात. ज्या पायावर आपण उभे आहोत तोच पाय उचलायला जातो आणि गोंधळ होतो. म्हणून आधी सेकंदाला एक, या संथ गतीनं नुसता भार बदलत राहा. नाचाची कितीतरी गाणी मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास असतात, म्हणजे याच्या दुप्पट. तिथवर हळूहळू जायचं.

मोजणी तोंडानं मोठ्यानं करा, लाजू नका. वॉल्ट्झ तीनच्या मोजणीवर चालतो. साल्सात आठ मोजायचे, पण पावलं सहाच, चौथ्या आणि आठव्या ठोक्याला नवं पाऊल नाही. कथकमध्ये तत्कार, म्हणजे पायांनी ताल धरण्याचा मूळ सराव, तीनतालाच्या १६ मात्रांवर घोटतात आणि सम, म्हणजे तालाचं आवर्तन जिथून सुरू होतं ती जागा, पहिल्या मात्रेवर येते. प्रकार कोणताही असो, न टाकायचं पाऊलसुद्धा मोजावं लागतं.

हातांचं काय करायचं, ही सगळ्यांचीच चिंता. सध्या काहीच करू नका. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शरीरशास्त्रज्ञानं विसाव्या शतकात हालचालींचा अभ्यास करताना दाखवलं, की नवं कौशल्य शिकताना माणूस बरेचसे सांधे आखडून धरतो, कारण एकाच वेळी सगळे सांभाळणं त्याला झेपत नाही. ते आखडलेले खांदे म्हणजे तुमच्यातला दोष नव्हे. पाय स्थिरावले की खांदे आपसूक सैल होतात.

मान मात्र पहिल्या दिवसापासून वर हवी. डोक्याचं वजन साधारण पाच किलो असतं. पावलांकडे बघायला ते पुढे झुकलं की सगळा तोल पुढे जातो. पावलं तपासायचीच असतील तर फोन जमिनीलगत ठेवून चित्रण करा आणि नंतर पाहा.

सराव रोज पंधरा मिनिटं करा. आठवड्यातून एकदा दोन तास घाम गाळण्यापेक्षा तो जास्त मुरतो, कारण शिकलेली हालचाल झोपेतही पक्की होत असते.

आणि क्लासला जाल तेव्हा नवी स्टेप दाखवली की सरांना किंवा मॅडमना एवढंच विचारा, ‘या ठोक्याला भार कोणत्या पायावर?’ हे कळलं, की मध्येच चुकलात तरी पुढच्या ठोक्याला पुन्हा सगळ्यांबरोबर पाऊल टाकता येतं.