लाल तारीख कुणाची?

नमस्कार श्रोतेहो.

कागलला एका कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या मुलानं मला एकदा विचारलं, "साहेब, कॅलेंडरवर तारीख लाल, बँक बंद, शाळा बंद. मग आमच्या दुकानाचंच शटर वर कसं?" प्रश्न रास्त होता. उत्तर मात्र त्याला आवडलं नाही.

बँकेची सुट्टी ज्या कायद्यानं ठरते तो आहे १८८१ सालचा, परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे हुंडी, चेक असल्या पैशाच्या कागदांचा कायदा. नाव ऐकूनच झोप यावी! हुंडीची मुदत भरते तो दिवस नेमका सुट्टीचा निघाला तर काय करायचं, हा त्यातल्या पंचविसाव्या कलमाचा विषय. सरकार सार्वजनिक सुट्ट्यांची यादी काढतं ती या कलमाच्या आधारानं. त्या यादीत दुकानातल्या नोकराचा कुठं उल्लेखही नाही. जिल्हाधिकारी एखाद्या यात्रेसाठी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, तीही सरकारी कचेऱ्यांपुरती.

मग त्या मुलाच्या हक्काचं काय? ते सापडतं महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्यात. हा कायदा ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार पक्क्या. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावलंच, तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टीही. ते 'आणि' नीट ऐका. पुष्कळ दुकानांत दोन्हींपैकी एकच काहीतरी हातावर ठेवतात आणि कामगार तेवढ्यावर खूश असतो. कमी कामगारांची लहान दुकानं मात्र या तरतुदीतून सुटतात. कारखान्यांत सणांच्या सुट्ट्या बहुधा युनियनच्या करारातून येतात, तेव्हा तिथं आधी करार वाचायचा. आणि हो, आठवड्याची सुट्टी वेगळी बरं का. भोसरीकडच्या माणसाचा रविवार गुरुवारी येतो, त्याचा या हिशेबाशी संबंध नाही.

आता कागलहून निपाणीला जाऊ. अर्ध्या तासाचा रस्ता, बोली तीच, चहाची चवही तीच. पण राज्य बदललं की हिशेब बदलतो. कर्नाटकाचा या विषयावरचा स्वतंत्र कायदा १९६३ सालचा आहे. त्यात पक्क्या सुट्ट्या पाच : आपल्या चार, शिवाय १ नोव्हेंबर, कन्नड राज्योत्सव. त्यात सणांच्या पाच मिळवल्या की झाल्या दहा. कामाला बोलावलं तर तिथं पर्याय आहे : दुप्पट पगार, किंवा त्या दिवसाचा पगार आणि नंतर एक भरपगारी सुट्टी. म्हणजे आपल्याकडे 'आणि', तिकडे 'किंवा'. सुट्ट्या तिकडे दोन जास्त, पण सुट्टीच्या दिवशी राबण्याचा मोबदला इकडे जास्त.

मला सर्वांत गंमत वाटते ती १ नोव्हेंबरची. १९५६ साली याच दिवशी राज्यांची पुनर्रचना अमलात आली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तिथले मराठी लोक हा काळा दिवस पाळतात, दंडाला काळ्या फिती बांधून फेरी काढतात. त्या फेरीतला एखादा गडी शोरूममध्ये नोकरीला असेल, तर तिथं जायला त्याला भरपगारी सुट्टी मिळते ती राज्योत्सवाची! आणि त्याचा महाराष्ट्रातल्या चंदगडचा मावसभाऊ त्याच दिवशी गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवत बसलेला असतो. तुमची मातृभाषा कोणती, तुमचं रेशनकार्ड कुठलं, हे कायदा विचारत नाही. तुम्ही कामाला कुठं आहात, एवढंच बघतो. सावंतवाडीहून म्हापशाला कामाला जाणाऱ्यानंही म्हणूनच आपल्या घरातलं कॅलेंडर नव्हे, गोव्यातली यादी बघावी. १९ डिसेंबरचा मुक्तिदिन तिथं मोठा, आपल्याकडे साधा कामाचा दिवस.

सुट्टी कायद्यात नसेल तर ती मागता येते का? दादरा आणि नगर हवेलीतल्या एका नागरिकानं हे करून पाहिलं. तो प्रदेश २ ऑगस्ट १९५४ ला मुक्त झाला. त्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी बंद झाली म्हणून तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही. उलट आपल्याकडे सुट्ट्या जरा जास्तच झाल्यात. न्यायमूर्तींचं बोलणं कचेरीच्या बाबतीत मला पटतं. बारा बारा तास उभ्यानं काम करणाऱ्या पोराला ते कुठल्या तोंडानं सांगायचं?

मतदानाचा दिवस मात्र देशभर सारखा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १३५ ब कलमाखाली लोकसभा-विधानसभेच्या मतदाराला भरपगारी सुट्टी आहे, रोजंदारीवर असला तरी. निपाणीचा मतदार कागलला कामाला असेल, तर निपाणीत मतदान असताना त्यालाही.

राहता राहिले ते चार सण. कायदा म्हणतो, स्थानिक परंपरेप्रमाणे ठरवा. त्या कागलच्या मुलाला मी म्हटलं, डिसेंबरात सगळे मिळून मालकांकडे जा. गेले. गणेश चतुर्थी आणि दसरा लगेच ठरले. दिवाळीच्या पाडव्याला मालक अडले, दुकानाचा सगळा धंदा त्याच आठवड्यात. शेवटी त्यांनी दिवाळीऐवजी गुढीपाडवा दिला. चौथ्या सुट्टीला शिलाईचे चाचा म्हणाले, ईद. सगळ्यांनी मान डोलावली. तेवढ्यात गोदामातला बिहारचा पोरगा हळूच म्हणाला, "और छठ?"

त्यावर त्यांचं अजून चाललंय. नमस्कार.