पाव डॉलरची नोंद

मित्रहो, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा एखादा जुना विवाह-मुचलका हातात घेतला, की डोळा आधी आकड्यावर जातो. अनेक मुचलक्यांवर 500 पौंड लिहिलेले दिसतात. वाटतं, काय श्रीमंत लग्न असेल! पण ही रक्कम त्या दिवशी कुणी मोजलेली नसायची. 1741 च्या कायद्यापासून 1868 पर्यंत तिथे परवाना काढून लग्न करायचं, तर वराला काउंटीच्या क्लार्ककडे असा मुचलका लिहून द्यावा लागे. लग्नाला कायद्याची आडकाठी नाही, ही त्याची हमी. ती खोटी ठरली तरच पैसे भरायचे.

सोबत जामीनदाराची सही असे. पुष्कळदा हा मुलीचा बाप किंवा भाऊ, म्हणून वंशावळ शोधणाऱ्याने जामीनदाराचं नाव कधीही सोडू नये. वधूचं नाव कागदात येतं, सही मात्र नाही. आणखी एक गोष्ट. मुचलक्याची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे. परवाना घेतला आणि लग्न मोडलं, असंही झालेलं असू शकतं.

परवान्याशिवाय दुसरी वाट होती ती चर्चमधल्या पुकाऱ्याची. लागोपाठ तीन रविवारी नावं जाहीर वाचायची. हरकत असेल त्याने उठून सांगावं. विशेष विवाह कायद्याखाली आपल्याकडे नोटीस लावून तीस दिवस थांबतात, त्यामागचा विचार हाच. पुकाऱ्याने लागलेल्या लग्नाचा मुचलका नसतो. त्यामुळे काउंटीच्या दप्तरात जोडपं सापडलं नाही, तर त्यांचं लग्नच झालं नव्हतं असं म्हणू नका.

मला सर्वांत जास्त थांबवतात ती 1866 ची पानं. गुलामगिरीत लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. माणसं संसार करत होती, मुलं वाढवत होती, आणि मालकाच्या मनात आलं की नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी विकली जाई. मुक्तीनंतर, मार्च 1866 मध्ये, राज्याने कायदा केला: पूर्वी गुलाम असलेल्या, एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनी काउंटीच्या क्लार्कपुढे किंवा न्यायाधिकाऱ्यापुढे यावं, कधीपासून एकत्र राहतो ते सांगावं आणि नोंद करून घ्यावी. फी 25 सेंट. या जोडप्यांना मुचलका नाही, जामीनदार नाही. दोघांचं सांगणं हाच पुरावा.

वर्षांचा आकडा सावकाश वाचा. कुठे दोन वर्षं, कुठे वीस, कुठे त्याहून जास्त. गोऱ्या जोडप्यांच्या कागदावर पुढे होणाऱ्या लग्नाची हमी आहे. इथे आधीच जगून झालेला संसार पहिल्यांदा सरकारी शाईत उतरतो. जोडीदार विकला गेला आणि पुन्हा भेटलाच नाही, त्यांना त्या दिवशी क्लार्कच्या टेबलापुढे दोघांनी मिळून उभं राहता आलं नाही.