घासामागचा हात
माहितीपटाचं निवेदन

[दृश्य: गळ्याचा अगदी जवळून घेतलेला शॉट. कंठमणी वर सरकतो, खाली येतो.]

कंठमण्यावर दोन बोटं अलगद ठेवा आणि आवंढा गिळा.

बोटांखाली काहीतरी वर गेलं आणि परत जागेवर आलं, जाणवलं? ते तुमचं स्वरयंत्र. घास घशात उतरतो त्या क्षणी ते वर उचललं जातं, त्यावरचं झाकण मिटतं, श्वास थांबतो आणि अन्न श्वासनळीला चुकवून मागच्या अन्ननलिकेत शिरतं. हे सगळं जेमतेम एका सेकंदात होतं. तेवढ्या वेळात मेंदूतून निघणाऱ्या पाच-सहा नसा आणि पंचवीस-तीस स्नायूंच्या जोड्या आपापलं काम ठरलेल्या क्रमाने उरकतात. एखादाही मागे राहिला तर ठसका लागतो. आणि ठसका लागला तर बरंच म्हणायचं, कारण शरीराने चूक ओळखली. घास चुकीच्या वाटेने जातो आणि खोकलाही येत नाही, अशा माणसाची काळजी जास्त असते.

पक्षाघाताचा झटका आलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांना पहिल्या काही दिवसांत गिळायला त्रास होतो. पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, डोक्याला झालेली इजा, तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग, मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे मुलांच्या हालचाली आखडवणारी सेरेब्रल पाल्सी, कारणं पुष्कळ आहेत. अन्न आणि लाळ फुप्फुसात उतरत राहिली की न्यूमोनिया होतो. घरच्यांना मात्र एवढंच दिसतं, की बाबांना जेवल्यावर कणकण येते, आवाज घोगरा येतो आणि ते जेवायचंच टाळतात.

[दृश्य: सरकारी रुग्णालयातला ऑक्युपेशनल थेरपी विभाग. खिडकीजवळ खुर्ची, टेबल, स्टीलचं ताट.]

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे जेवणं, अंघोळ, कपडे घालणं अशी रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार. या विभागात पाऊल टाकलं की यंत्रांच्या आधी भांडी दिसतात. ताट, वाटी, फुलपात्र, जाड मुठीचे चमचे. समोर बसलेल्या काकांची उजवी बाजू लुळी पडली आहे. शेजारी काकू. तपासायला आलेली थेरपिस्ट काकांना गाल फुगवायला सांगते, जीभ बाहेर काढून डावी-उजवीकडे फिरवायला सांगते, खोकून दाखवायला सांगते. मग ती काकूंकडे वळते.

“काकू, घरी कसं भरवता ते दाखवा ना. नेहमी करता तसंच करा, माझ्याकडे बघू नका.”

काकू उठून उभ्या राहतात. भात कालवतात, मोठा घास घेतात आणि वरून तोंडाशी नेतात. घास घ्यायला काका मान वर करतात. हनुवटी उचलली जाते, गळा ताणला जातो, श्वासनळीची वाट उघडी पडते. पहिला घास अजून गालातच आहे, तोवर दुसरा तयार.

“गार झालं की खात नाहीत हो,” काकू म्हणतात, “म्हणून घाई करते.”

थेरपिस्ट एक बुटकं स्टूल आणते आणि काकूंना काकांच्या समोर बसवते, त्यांच्या डोळ्यांपेक्षा जरा खाली. चमचा आता समोरून आणि खालून येतो. काकांची हनुवटी आपोआप खाली राहते. औषध बदललं नाही, काही विकत आणलं नाही, तरी पुढच्या तीन घासांना ठसका लागत नाही.

भरवणाऱ्याच्या बसण्याने एवढा फरक पडतो हे ऐकायला किरकोळ वाटेल. १९९८ साली अमेरिकेतल्या सुझन लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ वयस्क रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूमोनिया कोणाला होतो, असा त्यांचा प्रश्न होता. गिळण्यातला दोष हे एक कारण होतंच, पण ज्यांना दुसऱ्याच्या हातून जेवावं लागतं त्यांना धोका सगळ्यात जास्त दिसला. दात घासायला दुसरा लागतो, तोंडात किडलेले दात आहेत, या गोष्टीही यादीत वर होत्या. म्हणजे नुसता घसा तपासून भागत नाही. घास कोणाच्या हाताने, किती वेगाने आणि किती स्वच्छ तोंडात जातो, तेही बघावं लागतं. माणसाचा हात, त्याची बैठक, त्याचं ताट हाच ऑक्युपेशनल थेरपिस्टचा प्रांत.

[दृश्य: काकांचा उजवा हात टेबलावर. त्यावर थेरपिस्टचा हात.]

काकांचा हात त्यांच्या तोंडापर्यंत नेणं, हे या उपचारातलं मोठं काम आहे. स्वतःच्या हाताने घास उचलला की डोळ्यांना तो दिसतो, बोटांना त्याचा ऊनपणा कळतो, तो किती मोठा आहे हे समजतं आणि तोंड वेळेवर उघडतं. दुसऱ्याचा चमचा अचानक ओठांवर आदळतो तेव्हा ही तयारी होत नाही. म्हणून थेरपिस्ट काकांच्या हातावर आपला हात ठेवते आणि दोघांचा मिळून घास उचलते. कोपराखाली टेबलाचा आधार, मनगटाला आधार. दिवस जातील तसा तिचा हात हलका होत जाईल.

तोवर डावा हात आहे. पण काका तो वापरायला तयार नाहीत.

“डाव्या हाताने जेवू? चारचौघांत?”

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या थेरपिस्टला पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लहानपणी याच हातावर ज्यांनी आईची चापट खाल्ली आहे, त्यांना साठीनंतर त्याच हाताने वरण-भात खा म्हणणं सोपं नसतं. उपाशी राहणारी माणसं आहेत, पंगत टाळणारी आहेत. इथे थेरपिस्टने मधली वाट काढली. डाव्या हाताने कालवायचं नाही, चमचा धरायचा. काका त्यावर तयार झाले. डाव्या हाताला सवय नाही, मूठ नीट वळत नाही म्हणून चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली. ताटाखाली ओला पंचा अंथरला, म्हणजे ताट सरकत नाही. आणि ताट तर आपलं नेहमीचंच, उभ्या काठाचं. परदेशात बशीला वेगळी कड लावून विकतात, जेणेकरून एका हाताने अन्न चमच्यात ढकलता यावं. आपल्या काठाच्या ताटात ती सोय आधीपासून आहे.

बसणं मात्र बदलावं लागतं. मांडी घालून बसलं की ज्याची कंबर कमजोर आहे त्याचं कंबरडं मागे कलतं, पाठीला पोक येतं आणि तोल सावरायला मान पुढे येऊन हनुवटी वर जाते. म्हणून खुर्ची लागते. पाठ टेकलेली, गुडघे काटकोनात, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. पाय लोंबकळत असतील तर पाट द्या. पलंगावर उशीला रेलून भरवायचं तर नाहीच. जेवणानंतरही अर्धा तास बसतं राहावं.

पाणी पिण्याची आपली एक सवय फार धोक्याची आहे. भांड्याला तोंड न लावता वरून धार सोडायची. मान पूर्ण मागे, गळा उघडा आणि पाणी वेगाने आत. गिळायला त्रास असलेल्या माणसासाठी यापेक्षा वाईट पद्धत शोधून सापडणार नाही. विभागात एक साधा प्लास्टिकचा पेला आहे, त्याची एक बाजू नाकापुरती अर्धगोल कापलेली. पेला तिरपा केला तरी नाक अडत नाही, त्यामुळे मान मागे टाकावी लागत नाही. घरीही कापता येतो. कडा घासून गुळगुळीत करायला विसरू नका.

[दृश्य: स्वयंपाकघर. भात, पेज, दूध-पोळी, आमटी.]

गिळायला त्रास होतो म्हटलं की घरात पहिला पदार्थ येतो तो दूध-पोळी. मऊ म्हणून. पण तोंडात गेल्यावर दूध पुढे पळतं आणि पोळी मागे राहते. जीभ पोळी सांभाळत असते तेवढ्यात दूध घशात उतरलेलं असतं, झाकण मिटायच्या आधीच. आमटी-भाताचंही तेच. पातळ आणि घट्ट एकाच घासात आलं की कमजोर घशाला दोन्ही सांभाळता येत नाही. मग पोळी इतकी भिजू द्या की दूध वेगळं दिसणार नाही, जास्तीचं निथळून टाका. भात फडफडीत नको आणि चिकट गोळाही नको. गुरगुट्या शिजवून, घोटून, घट्ट वरणात एकजीव केलेला चालतो. पोहे, चुरमुरे, शेव, सुकी भाकरी यांचे कण घशात पसरतात. साबुदाण्याची खिचडी चिकटून बसते.

अन्नाच्या या घट्ट-पातळपणाला आता जगभर एक समान मोजपट्टी आहे, इड्सी नावाची. तिच्यात ० ते ७ अशा आठ पायऱ्या आहेत. पाणी म्हणजे ०, नेहमीचं जेवण म्हणजे ७. मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. दहा मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यायची. शून्य ते दहा या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं, सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज तशा नसतात. खाली बोट लावून तिच्यात तपासायचं पेय दहापर्यंत भरायचं, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचं आणि परत बोट लावायचं. आत चार ते आठ मिलिलिटर उरलं तर पायरी २, आठच्या वर उरलं तर ३, काहीच वाहिलं नाही तर ४. बारीक कुस्करलेल्या जेवणाचे कण मोठ्या माणसासाठी चार मिलिमीटरपेक्षा मोठे नकोत. ती पायरी ५.

घट्टपणासाठी आपल्याकडे पेज आणि नाचणीची आंबील आहेच. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. तोंडातला चमचा वाटीत परत परत बुडतो, वाटीत लाळ उतरते आणि लाळेतलं विकर पिष्ट तोडतं. जेवण सुरू करताना दाट असलेली पेज शेवटी पाण्यासारखी झालेली असते. म्हणून मोठं भांडं बाजूला ठेवून छोट्या वाटीत थोडी थोडी घ्यायची.

सगळं दाट केलं की प्रश्न सुटला, असंही नाही. २००८ साली अमेरिकेत पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दाट पेयं दिली, काहींना साधं पाणी हनुवटी छातीकडे झुकवून प्यायला सांगितलं. तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. शरीरातलं पाणी कमी होण्याचा त्रास मात्र दाट पेयांच्या गटात जास्त होता. दाट पाण्याने तहान भागत नाही, माणसं पितच नाहीत. एखाद्याचं साधं पाणी आयुष्यभरासाठी बंद करण्याआधी हा अभ्यास डोळ्यांसमोर असायला हवा.

हनुवटी झुकवण्याची युक्तीही सरसकट सगळ्यांना लागू पडत नाही. एका बाजूचा घसा लुळा असेल तर मान त्या लुळ्या बाजूला वळवून गिळायला शिकवतात, म्हणजे ती बाजू मिटते आणि घास धडधाकट बाजूने उतरतो. कोणाला काय चालेल हे पुष्कळदा बाहेरून कळत नाही. त्यासाठी अन्नात बेरियम हा एक्स-रेत उमटणारा पदार्थ कालवून एक्स-रेखाली गिळणं बघतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून. ही तपासणी आणि घशाचे व्यायाम बहुतेक ठिकाणी स्पीच थेरपिस्ट बघतात. ऑक्युपेशनल आणि स्पीच, दोन्ही थेरपिस्टनी एकाच ताटाभोवती बसून काम केलं तर रुग्णाचं भलं होतं.

आणि तोंडाची स्वच्छता. जपानमधल्या ११ शुश्रूषागृहांत दोन वर्षं चाललेल्या अभ्यासात, ज्या वृद्धांचे दात आणि तोंड रोज नीट साफ केलं गेलं त्यांच्यात न्यूमोनिया कमी आढळला. लाळ तर चुकीच्या वाटेने जाणारच, मग निदान ती स्वच्छ असू द्या. नाकातून अन्नाची नळी घातलेली असली तरी तोंड साफ करायचं. नळीने लाळ थांबत नाही.

[दृश्य: आईच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी.]

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना घरोघरी आडवं घेऊन भरवतात. तान्ह्या बाळाला बोंडल्याने दूध पाजायची सवय पुढेही तशीच चालू राहते. मूल ताठतं, डोकं मागे फेकतं, दूध घशात ओघळतं. थेरपिस्ट आईला मुलीचे खुबे दुमडून तिला उभट बसवायला शिकवते, आणि तीन बोटांनी जबड्याला आधार द्यायला. सपाट चमचा जिभेच्या मध्यावर हलका दाबायचा आणि वाट बघायची. ओठ मिटायला या मुलीला वेळ लागतो. आई थांबते. ओठ मिटतात.

[दृश्य: एक तरुण आरशासमोर. दातांमध्ये लाकडी काड्यांची चवड.]

गुटखा आणि खर्रा खाऊन तोंड आखडलेले तरुणही इथे येतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी येतात. एरवी उभी तीन बोटं मावतात त्या तोंडात यांचं एक बोट जेमतेम जातं. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरायची आणि झेपेल तशी एकेक काडी वाढवत जायची, असा हा व्यायाम.

[दृश्य: मुंबईतलं केईएम रुग्णालय, बाहेरून.]

भारतात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण इथून सुरू झालं. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली केईएममध्ये हे विद्यालय सुरू केलं. १९५२ साली या क्षेत्राचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. आज मुंबईत केईएम, नायर आणि सायन, तसंच नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे हा अभ्यासक्रम आहे आणि बाह्यरुग्ण विभागही. तरीही गिळण्याचा त्रास असलेल्या किती घरांना हा दरवाजा कोणी दाखवतो? नाकात नळी घालून घरी पाठवतात आणि ती कधी निघणार हे सांगायला कोणी नसतं. माझ्या मते डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या खाली हेही लिहिलेलं असायला हवं: कसं बसवायचं, काय भरवायचं, किती घट्ट, आणि पुन्हा कधी दाखवायचं.

जेवताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घशात पाणी असल्यासारखा ओलसर येत असेल, गालात अन्न साठून राहत असेल, वजन उतरत असेल किंवा ताप पुन्हा पुन्हा येत असेल, तर दाखवायला जा. जाताना मोबाइलवर एका पूर्ण जेवणाचा व्हिडिओ काढून न्या. बाजूने काढा, म्हणजे मान, हनुवटी आणि भरवणाऱ्याचा हात तिन्ही दिसतील. घरातलं रोजचं ताट आणि चमचा सोबत घ्या. कवळी असेल तर तीही न्या, आणि तपासणीच्या वेळी घालून बसा.