दहा सेकंदांची आज्जी

(दृश्य : वडगावची गल्ली, पॉवरलूमचा आवाज)

बेळगावचं वडगाव. इथं दिवसभर मागांचा खडखडाट चालू असतो. याच गल्लीतल्या एका माडीवर, दोन कॉम्प्युटरवर, चार पोरं थ्रीडी ॲनिमेशनमधली एक आज्जी घडवतायत. इरकल नेसलेली, येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या पायऱ्या चढणारी. शॉट आहे दहा सेकंदांचा.

(दृश्य : स्क्रीनवर करडी आकृती)

"आता काय, कॉम्प्युटरच करतो सगळं," असं लोक सहज बोलून जातात. हा बघा कॉम्प्युटर. त्याला सुरकुती माहीत नाही, गुडघेदुखी माहीत नाही. चेहरा पोरांनीच घडवला. मग आत हाडांचा सांगाडा बसवला, म्हणजे रिगिंग. कुठलं हाड हललं की कुठली कातडी किती ओढली जाईल, हे एकेका सांध्याला ठरवून द्यायचं. हात वर केला की काखेत चुरगळतं. की पुन्हा मागे.

(दृश्य : राजहंसगड, खरी आज्जी)

चाल समजावी म्हणून त्यांनी घरच्या आज्जीलाच गडावर नेलं, मोबाईलवर शूट केलं. "आणि एकदा? किती येळा चढू गं पोरी?" म्हणत त्या पुन्हा चढल्या. नीट बघा. पाय उचलायच्या आधी हात गुडघ्यावर जातो. मग कंबर वळते. पदर सगळ्यात शेवटी हलतो. हा एवढासा उशीर पकडायला कित्येक आठवडे गेले.

(दृश्य : टाइमलाइन, माउसवरचा हात)

एका सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं, दहा सेकंदांना २४०. मुख्य पोझेस हातानं लावायच्या. मधल्या फ्रेम कॉम्प्युटर भरतो खरा, पण चाल लाकडी होते. ती पुन्हा हातानंच मोडायची. पदराला कापडाचं वजन द्यायचं, वारा द्यायचा. वारा जरा वाढला की पदर आज्जीच्या अंगातून आरपार!

(दृश्य : रेंडर होणारी फ्रेम)

शेवटी रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरनं प्रत्येक फ्रेमचं पक्कं चित्र काढायचं. ऊन कुठून आलं, तटाच्या दगडावरून उलटून गालावर किती पडलं, याचा हिशेब प्रत्येक फ्रेमला. इथं एका फ्रेमला वीस मिनिटं लागतात. २४० फ्रेमना ८० तास, तेही वीज गेली नाही तर.

१९९५ च्या 'टॉय स्टोरी' या ॲनिमेशनपटासाठी ११७ कॉम्प्युटर रात्रंदिवस चालले. एकेका फ्रेमला ४५ मिनिटांपासून ३० तासांपर्यंत वेळ लागला. या पोरांकडं दोन आहेत, आणि ब्लेंडर हे फुकट मिळणारं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. पण २०२५ मध्ये ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा 'फ्लो' हा ॲनिमेशनपट याच ब्लेंडरवर घडला. त्यालाही साडेपाच वर्षं लागली.

(दृश्य : रिकामी खुर्ची)

पोट भरायला ही पोरं बाहेरची कामं घेतात. तिथं दर सेकंदावर ठरतो, तास कुणी मोजत नाही, बिलं रखडतात. चौघांतला एक आता बेंगळुरूला नोकरीला लागलाय.

(दृश्य : स्क्रीन, नवा शॉट)

पुढचा शॉट गडाच्या दरवाजातला, भर पावसातला. भिजलेलं इरकल अंगाला कसं चिकटतं, याची चाचणी तिघांनी सुरू केली आहे.