कप्पी शिकवताना दोरी मोजा

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सातवीला कप्पी शिकवायची म्हटलं की आपला हात आधी खडूकडे जातो. माझी विनंती आहे, पहिल्या तासाला खडू राहू द्या, दोरी घ्या.

सुरुवात विहिरीपासून करा. रहाटावरून पाणी शेंदणं सोपं का वाटतं? बहुतेक मुलं म्हणतात, वजन कमी होतं. लगेच चूक म्हणू नका. 1 लिटर पाण्याची बाटली तानकाट्याला, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याला, अडकवा. काटा 1 किलोच्या आसपास थांबेल. मग तीच बाटली स्थिर, म्हणजे वर एका जागी बांधलेल्या कप्पीवरून उचला, तानकाटा दोरीच्या दुसऱ्या टोकाला लावून. काटा तिथेच, उचलताना थोडा पुढेच. मग सोपं काय झालं? दिशा बदलली. वाकून वर उपसण्याऐवजी आपण खाली ओढतो आणि अंगाचं वजन कामी येतं. इथे मी विचारतो, 30 किलोचा मुलगा या एका कप्पीवर, नुसता दोरीला लोंबकळून, 40 किलोचं पोतं उचलेल का? वाद होऊ द्या. मुलगा लोंबकळतोय आणि पोतं जागचं हलत नाही, हे ज्याला दिसलं त्याला स्थिर कप्पी कळली. मोटेचे, म्हणजे विहिरीतून चामडी पिशवीने पाणी उपसणारे, बैल धावेवरून उताराला चालायचे, तेही आपलं वजन ओढीत घालण्यासाठीच. कुणाच्या आजोबांनी मोट हाकली असेल तर त्यांना वर्गात जरूर बोलवा.

आता चल कप्पी. दोरीचं एक टोक वर बांधा, कप्पी बाटलीसकट दोरीत लोंबू द्या, दुसरं टोक तानकाट्याने वर ओढा. काटा बरोबर 500 ग्रॅमवर येणार नाही, थोडा वर राहील. मुलं घाबरतात, काही जण तर गुपचूप 500 लिहून टाकतात. ते मला फार लागतं. कप्पीलाही वजन आहे, दोरी घासते आहे, आणि काटा खरं तेच सांगतोय. त्यांनी दिसलं तेच लिहावं, यासाठी आपण भांडायला हवं.

मग मोजपट्टी काढा. बाटली 20 सेंटिमीटर वर गेली, हातात दोरी किती आली? 40. इथे गप्प राहा. पाठ्यपुस्तकातलं सूत्र मुलांच्या तोंडून येऊ द्या: जोर निम्मा लागला, पण दोरी दुप्पट ओढावी लागली. एकदा हे बोटांना कळलं, की बाटली पेलणारे दोरीचे पदर मुलं आपणहून मोजू लागतात.

आर्किमिडीजची गोष्ट मी सर्वांत शेवटी सांगतो. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय, की सिराक्यूजच्या राजासमोर त्याने माणसांनी आणि मालाने भरलेलं जहाज कप्प्यांच्या साहाय्याने एकट्याने, बसल्या जागेवरून ओढलं. मुलं थक्क होतात. तेव्हाच विचारायचं, जहाज वीतभर सरकलं असेल तेव्हा त्याच्यापाशी दोरीचा ढीग केवढा जमला असेल?